नऊ जण आणि आशेर

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत कपबशा विसळत होते. सभेला गावाहून आलेल्या येरुशाकाकू आत आल्या, पदर खोचला आणि माझ्या शेजारी उभं राहून विसळलेले कप फडक्यानं पुसायला लागल्या. थोडे कप झाल्यावर, फडक्यावरची नजर न उचलता त्यांनी विचारलं, "तू मघाशी सांगितलंस ना, पोरं मनानं आजारी पडतात म्हणून. त्यात झोप उडते का गं?"

"उडते काकू."

"आमच्या शेजारी एक मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. त्यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणारच नाही. आमचा समाज एवढासा, की आडनाव आणि गाव कळलं की माणूस कळतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. इतक्या पिढ्या इथे काढल्या, की आमची भांडणंही मराठीत आणि अंगाईही मराठीतच. निम्म्याहून जास्त नातेवाईक मात्र आता इस्राएलमध्ये. घरटी एक-दोन माणसं मागे राहिलेली, आळीतली बरीच घरं कुलपात. मागे राहिलेल्यांमध्ये जी तरुण मुलं होती, त्यांच्यासाठी ठाण्याच्या आमच्या मंडळानं मानसिक आधाराचं काम सुरू केलं आणि त्याची जुळवाजुळव माझ्याकडे दिली. मी समाजकार्य शिकलेली, तेव्हा तिशीतली. उपचार मी करायचे नाहीत. कुणाला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, सोबत कोण जाणार, घरच्यांशी कोण बोलणार, नंतर विचारपूस कोण करणार, हे सगळं जमवून द्यायचं, असं ते काम होतं.

काम छान होतं, फक्त कुणी येत नव्हतं. मी सभा घ्यायचे, लोक मन लावून ऐकायचे, चहा घ्यायचे आणि आपल्या पोरांना असलं काही नाही बाई, असं म्हणून घरी जायचे. त्यांचंही खरं होतं. ठाण्यात कुणी शिंकलं तर तिकडे इस्राएलमधल्या अश्दोदहून सर्दीची चौकशी करणारा फोन येई. अशा समाजात मुलाचं मन दुखतंय हे सांगायचं कुणाला?

म्हणून शेजारचा मुलगा म्हटल्यावर मी नळ बारीक केला आणि ऐकत राहिले. मुलगा तेवीस वर्षांचा, हुशार. गावच्या हायस्कुलात मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, ते सोडलं. जेवत नाही. खोलीचं दार लावून पडून असतो. हाक मारली की 'हो' म्हणतो, पण उठत नाही.

"फक्त शनिवारी उठतो," काकू म्हणाल्या. "अंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, सिनेगॉगमध्ये जाऊन प्रार्थना म्हणतो. असा म्हणतो की ऐकत राहावं. घरी आला की परत दार बंद."

त्यांच्या गावात ज्यूंची तीनच घरं उरली होती आणि तरुण मुलगा एकाच घरात होता. आपण काय बोलून गेलो हे काकूंच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. मी ते लक्षात आणून दिलं नाही. एवढंच म्हटलं, की त्या मुलाच्या आईला सांगा, तिचं काही चुकलेलं नाही, आणि मी कधीही यायला तयार आहे. काकूंनी तो एकच कप पुन्हा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बिर्ड्याचा सण आहे. आमच्याकडे ये जेवायला."

बिर्ड्याचा सण म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा उपास. सूर्य मावळला की उपास सोडायचा आणि केळीच्या पानावर वालाचं बिरडं जेवायचं. मी दुपारच्या एसटीनं गेले. खाडीकाठचं गाव, नारळ-सुपारीच्या वाड्या, आणि आळीच्या टोकाला कौलारू सिनेगॉग. गावातले लोक त्याला मशीदच म्हणत. त्याची देखभाल काकूंचे यजमान शिमशोनकाका करत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, रुंद खांद्यांचे आणि फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझी चौकशी केली ती सगळी एसटीबद्दल. गाडी वेळेवर होती का, घाटात गरम झाली का.

आशेर जेवायला बाहेर आला. उंच, आईच्या तोंडवळ्याचा. मला 'मिलकाताई' म्हणाला, पाणी वाढलं, पानावर बसला आणि दोन घास खाऊन बिरडं बोटानं इकडचं तिकडे सारत राहिला. काकू त्याच्या पानाकडे बघत होत्या आणि काका भिंतीकडे.

सकाळी तो वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसलेला दिसला. मी चहाचे दोन कप घेऊन गेले आणि एक त्याच्या हातात देऊन खाली दगडावर बसले. मी कोण, काय काम करते, हे सरळ सांगितलं. आईनं बोलावलंय हेही सांगितलं. तू काही बोललंच पाहिजेस असं नाही, म्हटलं. त्यानं कप दोन्ही हातांत धरला. मग हळूहळू एक-एक गोष्ट येत गेली. लहानपणापासूनचे मित्र इस्राएलला गेले, बहीण लग्न करून तिकडेच. जुने हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तेही मुलाकडे गेले. जाण्याआधी त्यांनी सगळं आशेरला शिकवलं होतं. तेव्हापासून शनिवारची प्रार्थना त्याच्या गळ्यात पडली.

आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा झाले नाहीत तर जो तो आपापलं म्हणू शकतो, पण तोराह, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून बाहेर निघत नाही आणि मेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दिशही म्हणता येत नाही. आजूबाजूच्या गावांतून कुणी चालत, कुणी आदल्या संध्याकाळीच येऊन नऊ होत. दहावा आशेर. त्या वर्षी दानिएल किहीमकरांची आई वारली होती. तिच्यासाठी कद्दिश म्हणायला ते गुडघ्याला पट्टा बांधून दर शनिवारी येत.

"मी एकदा तापात होतो म्हणून गेलो नाही," आशेर म्हणाला. "दानिएलकाका दारात उभे राहून वाट बघत होते. मग तसेच परत गेले."

मी त्याला विचारलं, की जगणं नकोसं होतं का, मरून जावंसं वाटतं का. हे असं थेट विचारायचं असतं. विचारल्यानं ते मनात भरत नाही, असलंच तर बाहेर यायला वाट मिळते.

त्यानं कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहिलं.

"रोज वाटतं," तो म्हणाला. "मग वाटतं, शनिवारी दहावा कोण?"

चहा थंड झाला होता. मी त्याला म्हटलं, आपण जरा ओटीवर जाऊन बसू या का. तो उठला. कठड्यापासून चार पावलं दूर झाल्यावर मला श्वास घेता आला. हे मी एकटीनं स्वतःजवळ ठेवू शकत नाही, असं मी त्याला सांगितलं. आईवडलांना कळायला हवं. तो म्हणाला, आईला चालेल, पप्पांना नको. पप्पांना वाटेल, मी देवाच्या कामाला कंटाळलो. मी म्हटलं, तू सांग, मी शेजारी बसते.

त्यानं सांगितलं. मोजक्या शब्दांत, जमिनीकडे बघत. काकू रडल्या नाहीत. त्या उठून त्याच्या मागे जाऊन बसल्या आणि लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा हात फिरवत राहिल्या. शिमशोनकाका मात्र जागचे हलले नाहीत.

"पण शनिवारी तर छान म्हणतो," ते म्हणाले.

अलिबागला डॉ. हेमांगी टिपणीस येत. मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञ, मूळच्या इकडच्याच. मी तिथूनच त्यांना फोन लावला. त्यांनी आशेरशी बोलून घेतलं, जवळच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून सुरुवातीचं औषध मिळायची व्यवस्था केली, त्याला एकटं सोडू नका म्हणाल्या आणि मी काय काय करायचं ते मला सांगितलं. त्या अलिबागला यायच्या फक्त शनिवारी सकाळी, आणि शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. ठाण्याला नेलं असतं, पण इतका प्रवास आशेरला तेव्हा झेपण्यासारखा नव्हता. बसमध्ये त्याला गुदमरायचं. काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ हातांचे पंजे बघत बसले.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडायची परवानगी आहे," ते म्हणाले. "ते मला ठाऊक आहे. त्याला घेऊन जा." मग थांबून, जवळजवळ माफी मागितल्यासारखं विचारलं, "मग दहावा?"

मला त्यांचा राग आला. पोराचा जीव टांगणीला आणि याला माणसं मोजायची पडलीत, असं वाटलं. तो राग घेऊनच मी ठाण्याला परतले. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर वाडीतल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवलेली दिसली. जाड सळ्यांची, कडेला कुलूप. वेल्डिंगचे डाग अजून ताजे होते. काका जवळच नारळ सोलत होते. मी जाळीकडे पाहतेय असं दिसल्यावर म्हणाले, "पानं पडतात पाण्यात." त्यानंतर मला त्यांचा कधी राग आला नाही.

दहाव्याचा प्रश्न मात्र खराच होता. मी तो डॉक्टरांपुढे ठेवला. म्हटलं, ठाण्याहून मुलं पाठवता येतील, आशेर मोकळा होईल. डॉक्टर चटकन हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्याच्या ओझ्याखाली तो वाकलाय, त्यालाच धरून तो उभाही आहे. ते काढून घेताना जपून. नुसतं रिकामं करू नकोस."

म्हणून मी मुलांना शनिवारी सकाळी पाठवलं नाही. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो आणि त्यानंतर प्रवास करायचा नसतो, तेव्हा त्यांनी शुक्रवारी दुपारीच जायचं, रात्री काकूंकडे राहायचं आणि रविवारी परतायचं, असं ठरवलं. खरं कारण कुणालाच सांगायचं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की एका गावात दहा होत नाहीत, जाल का. नाही म्हणणारे बरेच निघाले. हो म्हणणारा पहिला नहशोन किल्लेकर, कुरिअर कंपनीत टेम्पो चालवणारा, प्रार्थनेला वर्षातून दोनदा उगवणारा पोरगा. त्यानं विचारलं, जेवायला मिळेल का. मिळेल म्हटल्यावर त्यानं आपल्या मावसभावालाही ओढला. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी दोघं बॅट आणि टेनिसचा चेंडू घेऊन एसटीतून उतरले.

शनिवारी सकाळी आशेर काकूंबरोबर रिक्षात बसून अलिबागला गेला. मी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, बायकांच्या बाजूला थांबले. चारचौघांपुढे उभं राहून म्हणणं काकांना कधी जमलं नव्हतं, म्हणून नहशोननं म्हणायला सुरुवात केली. तो वाचताना अडखळत होता, शिमशोनकाका हळू आवाजात शब्द पुरवत होते. तोराह बाहेर निघाली. दानिएल किहीमकर उभे राहिले, त्यांनी कद्दिश म्हटला आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. काकांनी मधूनच आशेरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

आशेर दुपारी परतला. हातात औषधाची पिशवी. चपला काढायच्या आधी त्यानं विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

"कद्दिश?"

"तोही झाला."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, हायसं वाटलं असेल. रविवारी मी निश्चिंत मनानं ठाण्याला आले.

बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला. तो कालपासून औषध घेत नाही, जेवलेला नाही, आणि सारखं एकच म्हणतोय. काय म्हणतोय, मी विचारलं. काकूंनी दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "म्हणतो, मी नसलो तरी चालतं की."

मी डॉक्टरांना कळवलं आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. तू प्रार्थनेपुरता नाहीस, तू आम्हाला हवा आहेस, अशी. एकही वाक्य खरं वाटत नव्हतं. सगळी सभेत बोलायच्या लायकीची. नुसतं रिकामं करू नकोस असं मला सांगितलं होतं, आणि बहुतेक मी नेमकं तेच केलं होतं.

पोचले तेव्हा आशेर वाडीत नारळाच्या झावळ्यांच्या ढिगाला टेकून बसला होता. काका त्याच्याजवळ जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलत होते. सोललेल्या नारळांचा ढीग गुडघाभर झाला होता. सकाळपासून ते त्याच्यापाशीच होते हे त्यावरून कळत होतं. काकू मला म्हणाल्या, तू जा, बोल. मी दोन पावलं पुढे गेलेही, तेवढ्यात काकांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"चालतं," ते आशेरला म्हणाले. "तू म्हणतोस ते खरं आहे. तू नव्हतास तरी प्रार्थना झाली. पुढंही होईल. तिथं दहा माणसं लागतात, कुणीही दहा."

आशेरनं वर पाहिलं.

"सिनेगॉगचं चालेल, आशू," काका म्हणाले. "माझं नाही चालणार."

एवढंच. जवळ घेणं वगैरे त्यांना येतच नव्हतं. त्यांचे हात नारळाच्या काथ्यानं भरले होते, ते त्यांनी तसेच पुढे धरून ठेवले, जणू त्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. आशेर त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला आणि तो रडायला लागला. मोठ्यानं, नाक-तोंड पुसायचं भान नसलेलं रडणं. मी जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. काकू चुलीपाशी उभ्या होत्या. थोड्या वेळानं काका आत आले आणि म्हणाले, भात वाढ, तो खातोय.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. औषध लागू पडायला वेळ गेला. पहिलं मानवलं नाही, दुसरं दिलं. काही आठवडे असे गेले की त्याला अंथरुणातून उठवून बसवणं हीच दिवसभराची कमाई. मी दर आठवड्याला जात होते. डॉक्टरांकडे आधी काकू सोबत जायच्या, नंतर एका शनिवारी काका स्वतः निघाले. त्या दिवशी काका नसले तरी दहा भरतील एवढी ठाण्याची मुलं आधी बोलावून ठेवली होती, हा भाग निराळा.

ती मुलं येत राहिली. नहशोननं मंडळातल्या आणखी चौघांना पटवलं आणि पाळ्या लावल्या. शुक्रवारी संध्याकाळी काकूंच्या घरात काळ्या मनुकांचं शरबत, माशाचं कालवण आणि भयंकर गोंगाट असायचा. आशेर आधी दार लावून घ्यायचा, मग दार उघडं ठेवायला लागला, मग दारात बसायला. रविवारी सकाळी मुलं आळीत क्रिकेट खेळत. चेंडू एकदा विहिरीच्या जाळीवर जाऊन अडकला तेव्हा काढायला आशेरच गेला, आणि मी ओटीवरून बघत असताना चेंडू घेऊन परत आला. मुलांपैकी एकानं पुढे कधीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ताई, तुमच्या त्या डॉक्टरांचा नंबर मिळेल का, माझ्या एका मित्रासाठी हवाय. मी दिला. मित्राचं नाव विचारलं नाही.

आशेर पुढे पुन्हा शिकवायला लागला. मधल्या वर्षांत तो दोनदा पुन्हा आजारी पडला आणि दोन्ही वेळा स्वतःच फोन करून डॉक्टरांकडे गेला. आता पनवेलला असतो, बायको बँकेत आहे, मुलगी शाळेत जाते. मला सणाला फोन करतो. काका चार वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत सिनेगॉगची किल्ली त्यांच्याकडेच होती.

या सगळ्यातून माझ्या मनात राहिलाय तो मात्र त्याच वर्षीचा, दिवाळीनंतरचा एक शनिवार. त्या दिवशी डॉक्टर यायच्या नव्हत्या. ठाण्याहून तीन मुलं आलेली होती, आजूबाजूच्या गावांतले दोघे मात्र यायचे नव्हते. आदल्या संध्याकाळी आशेरनं सांगून टाकलं होतं, की उद्या मी झोपणार आहे, मला उठवू नका. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, झोपू दे.

सकाळी सिनेगॉगमध्ये सगळे जमले. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजायची नसतात. दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणत एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द उच्चारायचा; वचन पुरं झालं की दहा भरले. शिमशोनकाका तेच करत होते. बाकांवरून नजर फिरवत त्यांनी एकेक शब्द म्हटला, शेवटचा शब्द नहशोनच्या मावसभावावर आला आणि वचन संपलं. काकांनी पुस्तक उघडलं.

तेवढ्यात दारात आशेर उभा राहिला. इस्त्री न केलेला शर्ट, केस ओले, डोळ्यांत अजून झोप. चौकटीवरच्या मजूझाला, म्हणजे धर्मवचनांच्या छोट्या डबीला, बोटं लावून त्यानं ओठांना लावली आणि तो आत आला. प्रार्थना चालवायला पुढे गेला नाही. सगळ्यांत मागच्या बाकापाशी थांबला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. सवयीनं त्यांचे ओठ हलले, पण त्याच्यासाठी शब्द उरलेला नव्हता. सगळे वाट बघत होते. काका पुढची आपली जागा सोडून मागे आले, शेवटच्या बाकावर बसले आणि पलीकडे सरकून त्यांनी शेजारी जागा केली. आशेर बसला. समोर नहशोननं अडखळत सुरुवात केली, आणि त्या दिवशी त्याला शब्द पुरवायला कुणी नव्हतं, कारण काका पोराच्या खांद्याला खांदा लावून गप्प बसले होते.